वाटेत लागणारी माणसे

'वाटेवरच आहे, तर भेटून जाऊ,' असे आपण किती सहजपणे म्हणतो! नातेवाइकांकडे जाण्याची हल्ली ही एक रीतच होऊन बसली आहे. या बोलण्यात आपुलकी किती आणि सोय किती, याचा विचार करण्याची पाळी गेल्या मे महिन्यात माझ्यावर आली.

आम्ही घरची सातजण एका साखरपुड्यासाठी कराडहून नाशिकला जीपने निघालो होतो. पुण्यात कात्रजला माझी आत्या राहते. यजमान गेल्यापासून ती एकटीच असते. तिच्या घरापासून प्राणिसंग्रहालय जवळच. तेव्हा बेत ठरला, आधी प्राणी पाहायचे आणि बाराच्या सुमारास आत्याकडे जेवायला जायचे.

पुण्याचे प्राणिसंग्रहालय पूर्वी सारसबागेजवळच्या पेशवे पार्कात होते. ते १९५३ साली सुरू झाले. पुढे जागा अपुरी पडू लागली आणि १९९९ साली कात्रजला तलावाकाठी प्रशस्त प्राणिसंग्रहालय उभे राहिले. येथे वाघ गजांआड नसतो. मध्ये खंदक असतो आणि पलीकडे झाडझाडोरा. आम्ही पोचलो तेव्हा वाघ सावलीत झोपला होता. वाघ पहाटे आणि तिन्हीसांजेला हिंडणारा प्राणी. मे महिन्याच्या उन्हात त्याने दुसरे काय करावे? पण आम्हाला तो उठलेला हवा होता! भावंडांनी आरोळ्या ठोकल्या, टाळ्या वाजवल्या. मीही त्यात होते, हे कबूल करते. शेवटी रखवालदाराने आम्हाला दटावले. प्राण्यांना डिवचणे किंवा गोंगाट करून त्रास देणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. तरीही 'आता उठेल, मग उठेल' करीत आम्ही तेथेच रेंगाळलो. भूक लागली तेव्हा बाहेर येऊन वडापाव खाल्ले. आत्याकडे पोचायला अडीच वाजले.

आत्याने पुरणपोळ्या केल्या होत्या. कटाची आमटी दोनदा तापवून झाली होती. 'खाऊन आलात होय? बरं केलंत, उन्हाचं उपाशी राहू नये,' एवढेच ती म्हणाली. ती स्वतः मात्र जेवायची थांबली होती. ओशाळून आम्ही पानावर बसलो आणि अर्धी अर्धी पोळी चिवडली.

बोलता बोलता मी तिला विचारले, 'आत्या, तू पाहिलास का गं इथला पांढरा वाघ?' ती हसून म्हणाली, 'मला कोण नेणार, बाई? एकटीनं काय बघायचं?'

वडील एकदम गप्प झाले. लहानपणी दरवर्षी मे महिन्यात ही सारी भावंडे महिनाभर आत्याकडेच असत. पेशवे पार्कातली फुलराणी १९५६ सालापासून धावत होती. त्या गाडीत त्यांना हात धरून बसवणारी आत्याच. आज तिच्या दारावरून आम्ही प्राणी पाहायला गेलो आणि 'तू येतेस का?' हे विचारायचे एकालाही सुचले नाही. पाऊण तासाने आम्ही निघालो. उरलेल्या पोळ्या तिने डब्यात भरून दिल्या.

माझ्या मैत्रिणी म्हणतात, 'काळ बदलला. घरे लहान झाली, नोकऱ्या आल्या. महिनाभर राहायला कोणाला वेळ आहे? आणि म्हाताऱ्या माणसाला तरी पाहुण्यांची उठाठेव कशाला?' यात तथ्य आहे. परंतु मला एक प्रश्न पडतो. महामार्ग चौपदरी झाला, घाटाला नवा बोगदा झाला, प्रवासातले तास वाचले. हे वाचलेले तास गेले कोठे? ते माणसांच्या वाट्याला यायला नकोत का?

महिनाभर राहा, असे माझे म्हणणे नाही. माणसाकडे जायचे तर त्याच्याकडेच म्हणून जावे, एवढेच माझे म्हणणे आहे. दुसऱ्या कामाला जाता जाता उरकलेली भेट ही भेट नव्हे, ती हजेरी होय. आपल्या सोयीच्या वेळी वाघाने उठावे आणि आपल्या सोयीच्या वेळी आत्याने ताट वाढावे, या दोन्ही अपेक्षांच्या मुळाशी एकच वृत्ती आहे. समोरच्याचाही काही दिवस असतो, हेच आपण विसरतो.

दिवाळीच्या सुटीत मी एसटीने एकटीच आत्याकडे चार दिवस जाणार आहे. एके दिवशी सकाळीच तिला घेऊन वाघ पाहायला जायचे आहे. झोपला असला तर झोपलेला पाहू. बाकावर बसून वडिलांच्या लहानपणच्या गोष्टी ऐकू. प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असते, एवढे मात्र लक्षात ठेवले आहे.