अट मोडली, पण का मोडली?





प्रोबेशनवर सुटलेल्याने अट मोडली की त्याला सरळ आत टाकावे, दया एकदाच दाखवायची असते, असे हल्ली बरेच जण ठामपणे बोलतात. बीड जिल्ह्यातल्या तालुका न्यायालयात वकिली करताना अशी प्रकरणे मी जवळून पाहतो. हे म्हणणे मला पटत नाही, आणि कायदाही तसे सांगत नाही.

अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम १९५८ चा आहे. त्याच्या कलम ४ प्रमाणे गुन्हा शाबीत झाल्यावरही लगेच शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी सोडता येते. सोबत परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावली, तर ती किमान एक वर्षाची असते. अट मोडल्याचे अहवालातून किंवा दुसरीकडून समजले की कलम ९ लागू होते. समन्स किंवा वॉरंट निघते, जामीनदारालाही समन्स जाऊ शकते आणि प्रकरणाची सुनावणी होते. उल्लंघनाची खात्री पटली, तरच मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावता येते. चूक पहिलीच असेल, तर बाँड तसाच ठेवून दंडावर भागवण्याची मुभा आहे. हा दंड जास्तीत जास्त पन्नास रुपये! १९५८ साली ठरलेली ही रक्कम अजून बदललेली नाही. कलम ९ पुरते पाहिले, तर न्यायाधीशांपुढे एक तर हा नाममात्र दंड उरतो, नाही तर मूळ गुन्ह्याची शिक्षा.

आमच्या भागात उल्लंघन कसे घडते ते पाहा. बांधावरून मारामारी झाली, तरुण दोषी ठरला आणि दोन वर्षांच्या बाँडवर सुटला. दर महिन्याला हजेरी आणि परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही, अशा अटी. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाची गाडी येते. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली, ती लग्नात नाही तर दवाखान्यात संपलेली. नवरा-बायको कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यावर जातात आणि गाळप संपेपर्यंत परतत नाहीत. इकडे हजेऱ्या चुकतात, अहवाल जातो, वॉरंट निघते. पोलिसांना घराला कुलूप दिसते आणि कागदावर माणूस ‘फरार’ होतो. त्याने नवा गुन्हा केलेला नसतो, फिर्यादीच्या वाटेलाही तो गेलेला नसतो. अशा माणसाला मूळ शिक्षा भोगायला पाठवून गावाचे काय भले होणार? त्याची उचल फिटायची राहते आणि मुकादमाचा तगादा बायकोच्या मागे लागतो.

यावरचा उपाय कायद्यातच आहे. कलम ८ प्रमाणे परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावरून न्यायालय बाँडच्या अटी बदलू शकते, मुदत कमी-जास्त करू शकते. मात्र, त्याआधी त्या माणसाचे आणि जामीनदाराचे म्हणणे ऐकावे लागते. हंगामापुरती हजेरी कारखान्याजवळच्या पोलीस ठाण्यात लावून घेणे किंवा फोनवर संपर्क ठेवणे, एवढ्यानेही बरेच काम भागेल. पण असा अर्ज मी क्वचितच पाहिला आहे. अधिकाऱ्यांवर कामाचा बोजा आहे, त्यामुळे दोष एकट्या त्यांच्यावर ढकलणार नाही. तसेच देखरेखीच्या आदेशातल्या अटी समजावून सांगून त्याची प्रत देणे न्यायालयावर बंधनकारक आहे. प्रत्यक्षात अशिलाच्या हाती पडतो तो क्लिष्ट भाषेतला टाइप केलेला कागद. तो घडी करून पाकिटात जातो आणि वॉरंट आल्यावरच उघडतो.

सुटल्यावर फिर्यादीला धमकावणारा, पुन्हा मारहाण करणारा किंवा ठरलेली नुकसानभरपाई ऐपत असूनही बुडवणारा माणूस वेगळा. त्याला मूळ गुन्ह्याची शिक्षा व्हायलाच हवी, आणि लवकर. अशा सुनावणीची खबर फिर्यादीलाही मिळायला हवी. पण तो आणि हजेरी चुकलेला ऊसतोड मजूर एकाच तराजूत तोलले, तर १९५८ चा कायदा केला कशाला?

संसदेने पन्नास रुपयांची तरतूद बदलून समाजसेवा, समुपदेशन किंवा वाढीव देखरेख असे मधले पर्याय कलम ९ मध्ये घालावेत. राज्य सरकारने परिवीक्षा अधिकाऱ्यांची पुरेशी पदे भरावीत. आणि तोवर माझी न्यायाधीशांना व वकीलबांधवांना विनंती आहे की, उल्लंघनाच्या प्रकरणात पहिल्या तारखेलाच ‘अट का मोडली’ हे विचारून त्याचे उत्तर नोंदवून घ्यावे आणि जिथे अट बदलून भागते तिथे कलम ८ चा अर्ज आधी मागवावा.

आपला,
तालुका न्यायालयातील एक वकील, जि. बीड