माणसाळलेले रणगाडे

निळा रंग, मोटारीएवढा आकार, चार पाय आणि त्या पायांना चाके. अंगावर बंदूक, आवाज मात्र लहान मुलासारखा. केंजी कामियामा दिग्दर्शित ‘घोस्ट इन द शेल : स्टँड अलोन कॉम्प्लेक्स’ ही जपानी अॅनिमे मालिका 2002 मध्ये आली आणि ‘ताचिकोमा’ हा विचार करणारा रणगाडा जगभरच्या प्रेक्षकांचा लाडका झाला. मासामुने शिरो यांच्या मूळ चित्रकथेत त्याचा पूर्वज ‘फुचिकोमा’ होता. मामोरू ओशी यांनी 1995 च्या चित्रपटात ही बडबडी यंत्रे वगळली. तिथला कोळ्यासारखा रणगाडा मुकाट्याने गोळ्या झाडतो.

ताचिकोमाच्या निरागसपणावर भरपूर बोलले जाते. त्याच्या गोष्टीतला शस्त्राचा प्रश्न त्यात मागे पडतो, आणि आज महत्त्वाचा आहे तो तोच.

‘सेक्शन नाइन’ या सुरक्षा पथकातल्या सगळ्या ताचिकोमांची स्मृती नियमितपणे एकमेकांशी जुळवली जाते. एकाने पाहिले ते सगळ्यांना ठाऊक, म्हणजे सगळे सारखेच राहायला हवेत. तरीही ते वेगळे होत जातात. पथकातला बातो एकालाच आपला मानतो, त्याला हौसेने नैसर्गिक तेल पाजतो. एक जण कोणाला न विचारता शहरात भटकायला निघतो आणि हरवलेला कुत्रा शोधणाऱ्या मुलीच्या सोबतीला जातो. पंधराव्या भागात तर आपले पुढे काय होणार यावर त्यांची चर्चा रंगते; एक जण ‘फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन’ ही कादंबरी वाचत बसलेला दिसतो. हे सारे पाहून पथकाची अधिकारी मेजर मोतोको कुसानागी त्यांना सेवेतून काढते.

प्रेक्षकाचा जीव इथे तुटतो. तरी कुसानागीचे बरोबर होते. बंदूक बाळगणारे यंत्र उद्या काय करील हे त्याच्या अधिकाऱ्यालाच सांगता येईना, तर ते कितीही गोड असो, त्याला रस्त्यावर उतरवणे बेजबाबदारपणाचे ठरते. पुढे हेच ताचिकोमा परत येतात आणि बातोला वाचवताना नष्ट होतात. दुसऱ्या पर्वात ते मुलांचे गाणे म्हणत आपला उपग्रह अण्वस्त्रावर आदळवतात आणि निर्वासितांचे प्राण वाचवतात. डोळे पाणावतात हे खरे, पण हा चांगुलपणा पटकथाकारांनी दिलेला आहे. कारखान्यातून येणाऱ्या शस्त्रात तो असेल, याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

स्वयंचलित शस्त्रांवर जिनिव्हात 2014 पासून आंतरराष्ट्रीय चर्चा चालू आहे. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात, त्यामुळे एखादा देश अडला तरी सारे अडते. डिसेंबर 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या शस्त्रांविषयी ठराव आला, तेव्हा 152 देशांनी बाजूने मत दिले. विरोधात चारच देश होते आणि त्यांत भारत होता. जिनिव्हाची चर्चा चालू असताना दुसरे व्यासपीठ नको, ही भारताची भूमिका. ती समजण्यासारखी असली, तरी शस्त्रे त्या चर्चेसाठी थांबलेली नाहीत. सरचिटणीस अँटोनियो गुटेरेस यांनी बंधनकारक करारासाठी 2026 ची मुदत सुचवली होती.

माणसाच्या आदेशाशिवाय माणसावर गोळी झाडणारे शस्त्र नको, आणि यंत्र भरकटले तर ते थांबवण्याचा अधिकार व जबाबदारी एका नेमक्या अधिकाऱ्याकडे असावी, एवढी तरी अट भारताने स्वतःहून मांडावी.