भिंगाचा दोष आणि गणिताचा विवेक

राजुरेश्वराच्या मंदिरावरील दिवा धुक्याच्या रात्रीं दुरून पाहिला, तर ज्योत न दिसतां प्रकाशाचें वलय दिसतें. सूक्ष्मदर्शकांतून पाहणाऱ्यांची अडचण अशीच आहे. भिंग कितीहि निर्दोष घडविलें, तरी प्रकाश तरंगरूप असल्यामुळें प्रत्येक बिंदु पसरूनच उमटतो. अर्न्स्ट आबे ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८७३ सालीं ही मर्यादा दाखवून दिली. दृश्य प्रकाशांत ती मिलिमीटरच्या सुमारें पांच-हजाराव्या हिश्श्याइतकी आहे. शिवाय जाड पेशींत वरच्या-खालच्या थरांचा प्रकाश मिसळून चित्र अधिकच धूसर होतें.

मग मूळ रूप मिळावें कसें? ह्याचें उत्तर संस्कृतज्ञ वाचकांस परकें वाटूं नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं आरंभिलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९६६ सालीं पुरी केली. मूळ प्रत कोणाच्याच हातीं नव्हती. परंतु अनेक हस्तलिखितें ताडून आणि लेखनिकांच्या हातून चुका कशा घडतात हें ओळखून संपादकांनीं पाठ ठरविले. सूक्ष्मदर्शकाचेंहि तसेंच. प्रथम त्या मर्यादेहून लहान असा चकाकणारा मणी भिंगाखालीं ठेवून एक बिंदु कसा पसरतो तें मोजतात. मग संगणक मूळ रूपाचा अंदाज घेतो, तो अंदाज त्याच प्रमाणांत पसरवून प्रत्यक्ष चित्राशीं ताडतो, आणि अंतर राहील तेवढी दुरुस्ती पुनःपुन्हां करतो. रिचर्डसन ह्यांनीं १९७२ सालीं व लूसी ह्यांनीं १९७४ सालीं मांडलेली ही रीत 'डीकन्व्होल्यूशन' ह्या प्रकारांत मोडते. नारायणगांवाजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या विखुरलेल्या असल्यामुळें तिच्या आकाशचित्रांत खोट्या छटा उमटतात. त्या काढण्यासहि हेंच तत्त्व उपयोगी पडतें.

परंतु येथें विवेक हवा. दुरुस्ती प्रमाणाबाहेर केली, तर चित्रांतील क्षुद्र कणकणहि ठळक होते आणि नसलेले ठिपके अस्सल भासूं लागतात. मग संशोधक पेशींत नसलेल्या तंतूंवर सिद्धांत उभारील! म्हणून योग्य वेळीं थांबावें, मूळ चित्र जपून ठेवावें, आणि काय संस्कार केले तें स्पष्ट सांगावें. महाभारताच्या संपादकांनीं ज्या पाठाची पूर्ण खात्री नव्हती, त्याखालीं नागमोडी रेघ दिली. शास्त्र शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींनीं ती रेघ ध्यानांत ठेवावी. अस्पष्टास स्पष्ट करणें हें कौशल्य होय. पण संशयितास संशयित म्हणणें हीच खरी विद्या होय.