कुलूप मजबूत आहे, पण किल्ली सांभाळा



मध्यंतरी लागणीच्या नोंदी घेण्यासाठी आम्ही एका गटात बसलो होतो. काम उरकल्यावर एक वयस्कर सभासद फोन पुढे करून म्हणाले, "साहेब, ह्यात लिवलेलं सरकार वाचतंय व्हय?" चौकशी केली तेव्हा कळले, की उसाच्या बिलाबद्दल त्यांना ग्रुपवर चार ओळी लिहायच्या होत्या. पण कुणीतरी 'सगळं वर कळतंय' म्हणून भीती घातली आणि त्यांनी लिहिलेले पुसून टाकले. सभासदाने भिऊन तोंड मिटावे, हे सहकाराला शोभणारे नाही. म्हणून विषय शेतकी खात्याचा नसला तरी येथे घेत आहोत.

पहिली गोष्ट, कुलूप खरे आहे. व्हॉट्सअॅपने एप्रिल २०१६ पासून सर्व संदेशांना कुलूप घातले. मजकूर पाठवणाऱ्याच्या फोनात बंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनात उघडतो. मधल्या कंपनीकडे किल्ली नसते. ही पद्धत मूळची सिग्नलवाल्यांची. २०१६ साली अमेरिकेत सरकारी हुकूम आला तेव्हा सिग्नलला दोनच गोष्टी देता आल्या : खाते केव्हा उघडले आणि शेवटचे केव्हा वापरले. टेलिग्रामचे मात्र तसे नाही. तिथे 'सीक्रेट चॅट' निवडले तरच असे कुलूप लागते, साध्या गप्पांना व ग्रुपला नाही.

मग सरकारला काहीच कळत नाही का? तसेही नाही. आपल्या गेटवरचा वॉचमन गाडीचा नंबर आणि वेळ लिहितो, ताडपत्रीखाली काय आहे ते त्याला दिसत नाही. तसेच कोण कुणाशी व केव्हा बोलला, याची माहिती व्हॉट्सअॅपला असते आणि कायदेशीर मागणी आली की ती देता येते. दुसरी वाट बॅकअपची. गुगल किंवा अॅपलकडे ठेवलेल्या नकलेला वेगळे कुलूप लावायची सोय २०२१ मध्ये आली, पण ते आपले आपण लावावे लागते. तिसरी वाट खुद्द फोनची. २०१९ मध्ये पेगासस नावाचे हेर-सॉफ्टवेअर सुमारे १४०० फोनांवर सोडल्याचे व्हॉट्सअॅपनेच जाहीर केले. त्यात भारतातले पत्रकार व कार्यकर्तेही होते. फोनच फितूर झाला तर कुलूप काय करणार?

आता कायदा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली संदेश अडवण्याचा व उलगडण्याचा हुकूम सरकारला काढता येतो. तो गृहसचिवांच्या पातळीवरून निघावा लागतो, आणि कारणे ठरलेली आहेत : देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याचा तपास वगैरे. बिल कधी मिळणार हे विचारणे त्यात कुठेच बसत नाही. उलट ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळावेत, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच लिहिले आहे.

खरा वाद पुढेच आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० लाखांहून अधिक वापरणारे असलेल्या मेसेजिंग कंपनीने, हुकूम आल्यास, संदेश मुळात कुणी पाठवला ते शोधून द्यायचे आहे. व्हॉट्सअॅप याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. कुलूप तोडायला लावले तर भारत सोडावा लागेल, असे त्यांच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये सांगितले. सरकारची बाजू पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. अफवा फोनवरूनच पसरली होती. आपल्याच महाराष्ट्रातली ही गोष्ट विसरून चालणार नाही.

तरीही आमचे प्रांजळ मत असे, की एका चोरासाठी साऱ्या गावाच्या घरांची किल्ली चावडीत जमा करू नये. आज ती चांगल्या पाटलाच्या हाती असेल, उद्याचा भरवसा कुणी द्यावा? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत हक्क मानला आहे. ज्याच्यावर संशय आहे त्याचा फोन कायद्याने जप्त करून तपासावा. अफवेला मात्र आपणच आळा घालायचा आहे. खात्री नसलेला मजकूर पुढे ढकलू नये.

आणि खरे सांगायचे तर आपल्या ग्रुपचे बोलणे बाहेर जाते ते बहुतेक आपल्यातूनच. दीडशे जणांच्या ग्रुपवर लिहिलेले म्हणजे चावडीवर बोललेले. कुणीही त्याचा फोटो काढून हवा तिथे पाठवू शकतो. यात आमच्या खात्याचीही चूक झाली. सोयीसाठी सातबारा, आधार, पासबुकाचे फोटो आम्ही ग्रुपवर मागवले. ती पद्धत आता बंद केली आहे. कागद गट ऑफिसात आणून द्या, जुने फोटो पुसा. ओटीपी तर आमच्या माणसाने मागितला तरी देऊ नका.

त्या सभासदांना आमचे सांगणे एवढेच : काका, लिहा. बिनधास्त लिहा. आणि जोडीला सहीचा अर्ज देऊन पोच घ्या. आपल्या कारखान्यात आपल्या हक्काचे मागायला कुलपाआड लपायची गरज पडता कामा नये.

— ऊस विकास अधिकारी