शेवटची पंगत

पूर्वी कार्याच्या घरी एक अलिखित नियम पाळला जाई. आप्त, पाहुणे, शेजारी, आचारी, वाढपी आणि मांडव घालणारे, या सर्वांची पाने उठल्यानंतरच यजमान जेवायला बसे. त्या शेवटच्या पंगतीतही भात गरम असला आणि गोड पदार्थ उरलेला असला, तर कार्य नीट पार पडले असे समजत. मांडवाची शोभा, सनईवाला, आहेर यांचा विचार त्यानंतर होई.

आज पंगतीच्या जागी बुफे आला आहे आणि घरच्या कार्यांच्या जोडीला कंपनीचे वार्षिक स्नेहसंमेलन, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेली 'पार्टी', येऊन बसली आहे. अंधेरीतील मरोळची औद्योगिक वसाहत, १९७३ साली स्थापन झालेले सीप्झ, घाटकोपर-मुलुंडचे गाळे आणि बोरिवली-कांदिवलीची कार्यालये यांतून डिसेंबर उजाडला की पार्टीची चर्चा सुरू होते. हॉटेल कोणते, डीजे कोणता, मंचाची सजावट कशी, हे प्रश्न पहिल्या दिवशीच सुटतात. शेवटच्या पंगतीत कोण बसणार, हा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारतच नाही.

मरोळमधील साठ माणसांची एक कंपनी डोळ्यांसमोर आणावी. कंपनी कल्पनेतली आहे, परंतु तिची गोष्ट उपनगरांत अनेकांच्या परिचयाची असेल. डिसेंबरातल्या एका गुरुवारी रात्री आठ वाजता विमानतळाजवळच्या हॉटेलात पार्टी झाली. ताटाचा दर १,२०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,४१६ रुपये. हॉटेलने साठ ताटांची मिनिमम गॅरंटी घेतली होती, त्यामुळे बिल ८४,९६० रुपयांचे आले. डीजे आणि सजावटीचे ३५,००० रुपये वेगळे. प्रत्यक्षात जेवले ४१ जण. न जेवलेल्या १९ ताटांचे २६,९०४ रुपये वाया गेले आणि जेवलेल्या प्रत्येकाचे ताट २,०७२ रुपयांना पडले.

कंपनीच्या अकाउंटंटला ही तफावत स्वस्थ बसू देईना. रक्कम मोठी नव्हती, परंतु ताळेबंदात न जुळणारा आकडा का जुळत नाही, हे शोधल्याशिवाय हिशेबाच्या माणसाला झोप लागत नाही. त्याने न आलेल्यांची यादी केली आणि एकेकाला सहज विचारले. पाच जण सूर्यास्तानंतर अन्न घेत नव्हते. चार भगिनींचा मार्गशीर्षातल्या गुरुवारचा उपवास होता आणि संध्याकाळी घरी घटाची पूजा करायची होती. चार जण टिटवाळा, आसनगाव आणि विरारला राहत होते. रात्री साडेअकराला अंधेरीहून निघून घरी पोहोचणे त्यांना शक्य नव्हते. तिघे दुसऱ्या पाळीत मशीनवर होते. उरलेले तिघे, दोन वॉचमन आणि एक सफाई कामगार, कंत्राटदाराकडचे होते. ताटांच्या संख्येत त्यांची गणती झाली होती, निमंत्रणात नाही.

यादी मालकांसमोर आली तेव्हा त्यांची नजर पहिल्या ओळीवर खिळली. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या त्या पाच जणांत ते स्वतः होते. पाण्याचा घोटही न घेता त्यांनी त्या रात्री सर्वांचे हसून स्वागत केले होते आणि यजमानाने एवढे सोसायलाच हवे, अशी स्वतःची समजूत घातली होती. आपल्याबरोबर आणखी १८ जण अर्धपोटी किंवा अनुपस्थित होते, हे त्यांना त्या यादीमुळे प्रथमच कळले.

यशस्वी पार्टीच्या नियोजनाची सुरुवात अशा यादीपासून व्हावी. कोण येऊ शकणार नाही आणि का, हे आधी विचारले की तारीख, वेळ, जागा आणि जेवण हे चारही प्रश्न आपोआप सोपे होतात.

तारीख ठरवताना कालनिर्णय आणि जैन पंचांग दोन्ही शेजारी ठेवावीत. पर्युषण आणि दशलक्षण हे तर टाळायचेच. परंतु मार्गशीर्षातले गुरुवार, संकष्टी, एकादशी, रमजानचा महिना आणि नाताळची रात्र हीदेखील कोणाच्या तरी घरची महत्त्वाची असतात. रविवारी रेल्वेचे मेगाब्लॉक असतात आणि दूरच्या माणसाचा सुटीचा एकुलता एक दिवसही खर्ची पडतो. त्या अकाउंटंटने सुचवलेली तारीख होती संक्रांतीनंतरच्या शनिवारची. पौषात मराठी घरांत सहसा लग्ने होत नसल्याने हॉल मिळणे सोपे जाते. शिवाय 'गोड बोला' म्हणत वर्षभराचे रुसवे मिटवायला तिळगुळाइतके चांगले निमित्त नाही.

वेळेचा विचार सूर्याकडे पाहून करावा. मुंबईत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, जानेवारीच्या मध्यावर सुमारे सहा वाजून वीस मिनिटांनी. चौविहार पाळणाऱ्यांसाठी जेवण पाच वाजता तयार हवे, म्हणजे पाणी घेऊन मुखशुद्धी करेपर्यंत घाई होत नाही. बाकीच्यांना पाच वाजता भूक नसते. यावर उपाय पंगतीच्या जुन्या पद्धतीतच सापडतो: पहिली पंगत पाच वाजता, दुसरी सात वाजता आणि मध्ये कार्यक्रम. ज्यांना लांब जायचे आहे त्यांनाही पहिली पंगत सोयीची पडते.

जागा निवडताना हॉलच्या झुंबरापेक्षा स्टेशनचे अंतर पाहावे. जून २०१४ मध्ये सुरू झालेली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ११.४ किलोमीटरची आहे; तिच्या एका टोकाला मध्य रेल्वे भेटते आणि अंधेरीला पश्चिम रेल्वे. दहिसर-बोरिवलीकडच्यांसाठी २०२३ पासून मेट्रो ७ गुंदवलीपर्यंत येते. या मार्गांवरच्या स्टेशनपासून चालत जाता येईल असा साधा हॉल हा शहराबाहेरच्या रिसॉर्टपेक्षा अधिक माणसे जमवतो.

हॉल पाहायला जाताना आणखी एक गोष्ट डोळ्यांनी पाहावी: बाहेर पडायचे दुसरे दार कुठे आहे, ते उघडते का आणि त्याच्यापुढे खुर्च्यांची चळत किंवा गॅसच्या टाक्या तर ठेवलेल्या नाहीत ना. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारात लागलेल्या आगीत १४ जणांचे प्राण गेले. आनंदासाठी गेलेली माणसे होती ती. सजावटीच्या पडद्यांनी दार झाकले जाणार नाही, ही अट मंडपवाल्याला लेखी द्यावी.

जेवणाच्या बाबतीत एका कोपऱ्यात 'जैन काउंटर' मांडला की कर्तव्य संपले, असे अनेकांना वाटते. त्या कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्याला मात्र आपण पथ्यावर असलेले रुग्ण आहोत असे वाटू लागते. त्यापेक्षा मुख्य जेवणच कांदा, लसूण, बटाटा, गाजर यांच्याशिवाय करावे. कच्च्या केळ्याची पावभाजी, आल्याऐवजी सुंठ घातलेली आमटी, तुरीच्या दाण्यांची भाजी, मसालेभात आणि श्रीखंड-पुरी असा बेत असला तर कोणाला काही कमी पडत नाही. कांदा घातलेली एखादी भाजी ज्यांना हवी त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीने ठेवावी. तळणाचे तेल वेगळे हवे, हे आचाऱ्याला आदल्या दिवशी पुन्हा सांगावे. ज्याची घरची थाळी मांसाहारी आहे त्याला शाकाहारी जेवण आवडीने वाढता येते. त्याबरोबर उपदेश वाढू नये. मद्याचा प्रश्न न काढलेलाच बरा. महाराष्ट्रात आजही १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्यांच्या भानगडीपेक्षा कोकम सरबत पुष्कळ सोपे.

आता हिशेब. गेल्या वर्षीचा एकूण खर्च १,१९,९६० रुपये होता. अकाउंटंटने तेवढ्याच रकमेत नवे अंदाजपत्रक बसवले आणि प्रत्येकाला घरच्या एका माणसाचे निमंत्रण दिले. ताट ४५० रुपये, ५ टक्के करासह ४७२ रुपये ५० पैसे. १२० ताटांचे ५६,७०० रुपये. हॉल २५,०००, ध्वनिव्यवस्था आणि खुर्च्या ८,०००, परतीची वाहने १२,०००, मुलांना आणि गुणवंतांना भेटी ६,०००. बेरीज १,०७,७००. अडीअडचणीसाठी १२,००० बाजूला, एकूण १,१९,७००. दर ठिकाणाप्रमाणे बदलतील. हिशेबाची रीत तीच राहील. कोटेशन घेताना कर धरून किती, हे आधीच विचारावे, कारण जेवण आणि केटरिंगवर भरलेल्या कराचे क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार सर्वसाधारणपणे मिळत नाही. तो कर खर्चातच जमा होतो. केटरिंगवाल्याचा अन्नसुरक्षा परवाना पाहावा, मिनिमम गॅरंटी अपेक्षित संख्येपेक्षा थोडी कमी धरावी आणि सर्व रक्कम आगाऊ देऊ नये.

हिशेबाच्या वहीतच आणखी एक नोंद तपासावी. १९६५ च्या बोनस कायद्यापासून चालत आलेला किमान ८.३३ टक्के बोनस पात्र कामगारांना हिशेबी वर्ष संपल्यावर आठ महिन्यांच्या आत मिळायला हवा. मार्चअखेर वर्ष संपत असेल तर नोव्हेंबर संपण्यापूर्वी. ज्याचा बोनस अडकला आहे त्याच्या वाटीतले श्रीखंड गोड लागत नाही. पार्टी ही देणे फिटल्यानंतरची स्नेहभेट आहे. देण्याच्या बदल्यातली वस्तू नव्हे.

कार्यक्रमासाठी बाहेरचा निवेदक आणण्यापूर्वी आपल्याच माणसांकडे पाहावे. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा आणि भजनस्पर्धा वर्षानुवर्षे कामगारांनीच गाजवल्या आहेत. लेथवरचा एखादा कारागीर उत्तम पखवाज वाजवतो, डिस्पॅचमधली एखादी ताई सुरेल अभंग गाते. वर्षभर शेजारी बसणाऱ्यांनाही ते ठाऊक नसते. मालकांचे भाषण पाच मिनिटांचे असावे आणि त्यात विक्रीच्या आकड्यांपेक्षा माणसांची नावे अधिक असावीत. उघड्या जागेवर ध्वनिक्षेपक असेल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर तो बंदच ठेवावा लागतो. साडेसातला संपणाऱ्या कार्यक्रमाला ती धास्ती राहत नाही.

पार्टी हॉलच्या दारात संपत नाही, शेवटचा माणूस घरी पोहोचल्यावर संपते. २०१३ च्या कायद्याने कामाच्या निमित्ताने जावे लागणारे ठिकाण आणि मालकाने दिलेले वाहनही कामाच्या ठिकाणात धरले आहे. म्हणून थट्टामस्करीची जी मर्यादा कार्यालयात, तीच हॉलमध्ये आणि परतीच्या गाडीतही. कोणती भगिनी कोणत्या गाडीत आहे याची यादी एका जबाबदार व्यक्तीकडे असावी आणि घरी पोहोचल्याचा निरोप आल्यावर त्या नावापुढे खूण व्हावी.

अन्न उरले तर त्याचाही विचार आधीच झालेला असावा. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी सुरू केलेल्या रोटी बँकेसारख्या संस्था चांगले अन्न गरजूंपर्यंत पोहोचवतात. परंतु त्यांच्याशी बोलणे दोन दिवस आधी व्हावे आणि द्यायचे अन्न बुफेत न मांडलेले, झाकलेल्या भांड्यातले, ताजे असावे. रात्री उशिरा विटू लागलेला भात देणे हे दान नव्हे.

त्या कल्पनेतल्या कंपनीचा संक्रांतीचा शनिवारही कल्पनेतच पाहावा. दुसरी पाळी दोन तास थांबवली आहे. पाच वाजता पहिली पंगत बसली आहे आणि तीत मालक जेवत आहेत. सात वाजता दुसरी पंगत बसते, तेव्हा सूर्य मावळलेला आहे आणि मालकांना आता पाणीही घ्यायचे नाही. हात मात्र मोकळे आहेत. ते श्रीखंडाचे पातेले उचलतात आणि वाढायला निघतात. एक वॉचमन पहिल्या पंगतीत जेवून दारावर परतला आहे, म्हणून दुसरा इथे टेबलाशी बसला आहे. शेजारी त्याची आठ वर्षांची मुलगी. मालक तिच्या वाटीत दुसऱ्यांदा श्रीखंड घालतात. ती बापाकडे पाहते, बाप मान हलवतो आणि ती चमचा उचलते.

अकाउंटंट कोपऱ्यात उभा राहून पाने मोजतो आहे. या वेळी आकडा जुळतो.