जुनी लेन्स घेताना

माझ्या पुतणीला छायाचित्रणाचा नाद आहे. लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन तिने वर्षभर पैसे साठविले आणि ५० मिमीची एक वापरलेली लेन्स घेण्याचे ठरविले. ती पाहण्यासाठी तिने मला सोबत नेले. विक्रेत्याने पुढे ठेवलेली लेन्स नव्यासारखी चकचकीत होती. पुतणीचा हात पाकिटाकडे गेलाही होता. मी म्हटले, "आधी आरपार पाहू."

लेन्सची पारख तिच्या बाह्यरूपावरून होत नाही. ती तिच्यातून जाणाऱ्या प्रकाशावरून होते. दोन्ही झाकणे काढावीत, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावे आणि मागून विजेरीचा तिरका झोत टाकून पुढून निरखावे. धुळीचे दोन-चार कण दिसल्यास बिचकू नये. छायाचित्रात ते सहसा उमटत नाहीत. मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी समजावी. पावसाळ्याच्या दमट हवेत बंद कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती लागते आणि काचेवरील लेपाला इजा करते. साफ केल्यावरही व्रण उरू शकतो. आत धुके साचल्यासारखे दिसले, तर चित्राचा उठाव कमी होतो. पुढच्या काचेवरील एखादा बारीक ओरखडा खपून जातो. मागच्या काचेवरील ओरखडा अधिक नडतो.

मग अ‍ॅपर्चरच्या पात्या पाहाव्यात. त्यांवर तेलाचा ओशटपणा नसावा. फोकसची कडी अडखळत फिरू नये. स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील, तर लेन्स पूर्वी कोणीतरी उघडली असल्याचा संशय घ्यावा. अखेरीस लेन्स स्वतःच्या कॅमेऱ्याला लावून विटांच्या भिंतीचे, अगदी समोर उभे राहून, एक छायाचित्र घ्यावे. चित्राची एकच बाजू पुसट आली, तर आतील भिंग जागचे हललेले असू शकते.

त्या चकचकीत लेन्सच्या कडेला पांढरे तंतू होते. "ती धूळ आहे, पुसली की जाईल," असे विक्रेता म्हणाला. आम्ही रिकाम्या हाती परतलो. वाटेत पुतणी एक शब्दही बोलली नाही.

पंधरा दिवसांनी तिला दुसरी लेन्स मिळाली. रंग उडालेला, झाकण हरवलेले. पण काच निर्मळ. फोकसची कडी थोडी जड फिरते, हे देणाऱ्याने स्वतःहून सांगितले होते. आता ती लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवलेली असते.

परवा तिने विचारले, "काका, पुढे हिला बुरशी लागली आणि मला ती विकायची झाली तर?"

"तर घेणाऱ्याच्या हाती आधी विजेरी द्यायची," मी म्हटले.