‘गो बॅक’ म्हणजे नेमकं कुठे?

यावेळचं क्रियापद ‘गो बॅक’. अर्थ सोपा, परत जाणे. अडचण आहे ती ‘बॅक’ची. मोबाइलवरचं बॅकचं बटण आठवा. ते ठरलेल्या एकाच पानावर नेत नाही, तुम्ही आधी ज्या पानावर होतात तिथे नेतं. ‘गो बॅक’चंही तसंच. जिथे आधी होतो, तिथेच ‘गो बॅक’ करता येतं.

म्हणून १९२८ साली ‘सायमन गो बॅक’ ही घोषणा इतकी नेमकी बसली. सायमन कमिशन ३ फेब्रुवारीला मुंबईत उतरलं, त्यात एकही भारतीय नव्हता. ही घोषणा मुंबईच्या युसूफ मेहेरअलींची मानली जाते. नुसतं ‘गो’ म्हटलं असतं तर ‘निघा’ एवढंच झालं असतं. ‘बॅक’मुळे ‘आलात तिकडे’ हेही सांगून झालं.

आता आपल्या कतारगामकडे या. खानदेशातून हिऱ्यांच्या, नाहीतर लूमच्या कामाला आलेल्या आजोबांच्या तोंडी ‘रिटायर झालो की परत जाऊ’ हे वाक्य कित्येक घरांत ऐकू येतं. त्यांच्यासाठी ते ‘गो बॅक’च. पण सुरतेत जन्मलेल्या, इथेच शिकलेल्या नातवाला कोणी विचारलं, “विल यू गो बॅक टू महाराष्ट्र?” तर? तो नोकरीसाठी पुण्याला गेला तर ते ‘मूव्ह टू पुणे’. दिवाळीला कतारगामला येईल तेव्हा मात्र ‘कम बॅक’. प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण त्या एका ‘बॅक’मध्ये ‘तू इथला नाहीस’ असं गृहीत धरलेलं असतं. नातवाने “आय वॉज बॉर्न हिअर” एवढं शांतपणे सांगावं, पुरेसं आहे.

एक सावधगिरी. आपल्या ‘परत’चा अर्थ ‘पुन्हा’ असाही होतो, ‘बॅक’चा होत नाही. सरांना ‘परत बोला’ म्हणायचं असेल तर ‘टॉक बॅक’ म्हणू नका, त्याचा अर्थ उलट उत्तर देणे!

आणि आपल्या ‘येतो’चं काय? आजी अमळनेरहून निघतानाही ‘येते हं’ म्हणते आणि कतारगामहून निघतानाही. इंग्रजीत तिथे ‘आय विल बी बॅक’ चालेल. दारातून बाहेर पडताना ‘आय ॲम कमिंग’ म्हणालात, तर समोरचा बिचारा दार उघडं ठेवून वाट बघत बसेल.